दलदलींतील सायप्रस व कुंडींतील सायप्रस

बोन्साय ह्या जपानी शब्दाचा अर्थ उथळ कुंडींत लावलेलें झाड असा आहे. चीन देशांत उगम पावलेली व जपानांत पूर्णत्वास गेलेली ही कला आतां अमेरिकेंत, युरोपांत आणि आपल्याकडील शहरांतही रुजली आहे. शेतकरी वर्ग तिजकडे बहुधा रिकाम्या लोकांचा छंद म्हणून पाहतो. ज्या झाडापासून फळ नाहीं, लांकूड नाहीं, सावली नाहीं, त्याचा एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न आमच्यापैकीं कोणीही विचारील, व तो गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. तथापि एका झाडाच्या बाबतींत ह्या छंदामुळें असा एक प्रश्न उत्पन्न झाला आहे कीं, जमीन बाळगणाऱ्या प्रत्येकानें तो समजून घ्यावा. तें झाड म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दलदली सायप्रस होय. आणि तो प्रश्न म्हणजे, कुंडींतील झाड बियांपासून वाढवावें कीं रानांतून उपटून आणावें, हा होय.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊं. हें आपल्या किनाऱ्यावरील सुरूचें झाड नव्हे. त्या देशाच्या आग्नेय भागांत, विशेषेंकरून लुइझियाना, फ्लॉरिडा व मिसिसिपी नदीच्या कांठचा सखल प्रदेश येथें तें वाढतें. ज्या जमिनीस आपण चिबड म्हणून टाकून देतों, तीच ह्याला मानवते. शंभर फुटांहून अधिक उंच वाढतें, बुंधा तळाशीं घंटेसारखा रुंद होतो, आणि मुळांतून गुडघ्यासारखे उंचवटे पाण्याबाहेर डोकावतात. सूचिपर्णी वृक्ष बहुधा बारमास हिरवे असतात. हा मात्र शरद ऋतूंत तांबूस होऊन निष्पर्ण होतो. आपल्या आंवळ्याप्रमाणेंच ह्याचीं बारीक पानें लहान डहाळ्यांसकट गळून पडतात. नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील ब्लॅक नदीच्या कांठीं असलेल्या अशा एका झाडाचें वय खोडांतील वर्तुळें मोजून किमान २,६२४ वर्षें ठरलें, व तें संशोधन २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे गौतम बुद्धाच्या काळीं हें झाड उभें होतें.

कुंडींत वाढविणारांस हें झाड आवडतें ह्याचीं कारणें उघड आहेत. तें झपाट्यानें वाढतें, शेंडा तोडला तरी नवे कोंब फुटतात, मुळें छाटलीं तरी सोसतें, आणि उन्हाळ्यांत कुंडी पाण्याच्या परातींत ठेविली तरी कुजत नाहीं. लुइझियानांतील व्हॉन बँटिंग ह्यांनीं ह्या झाडासाठीं माथा सपाट ठेवण्याची एक पद्धति प्रचारांत आणिली. रानांतील म्हाताऱ्या सायप्रसचा शेंडा वादळानें व विजेनें मोडून माथा छत्रीसारखा पसरतो. त्याचेंच तें लहान रूप. परक्या नमुन्याची नक्कल न करितां आपल्या रानांतील झाड पाहून त्यांनीं ही पद्धति बसविली, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

परंतु घंटेसारखा बुंधा कुंडींत सहसा येत नाहीं. त्याला दलदलींत पुष्कळ वर्षें जावीं लागतात. म्हणून कित्येक हौशी व विक्रेते दलदलींत शिरून मनगटाएवढीं किंवा मांडीएवढीं झाडें कमरेइतक्या उंचीवर कापतात, मुळें करवतीनें तोडून खोड बाहेर काढतात व कुंडींत लावितात. दोन-चार वर्षांत त्यावर फांद्या येतात आणि झाड शंभर वर्षांचें भासूं लागतें. खासगी जमीन असल्यास मालकाची परवानगी घेतली म्हणजे कायद्याचें काम संपतें. आमचें म्हणणें असें कीं, कायद्याचें काम संपलें तरी शेतकऱ्याच्या विचाराचें काम तेथें संपत नाहीं.

ह्याचें कारण त्या दलदलींच्या इतिहासांत आहे. सुमारें १८९० पासून १९३० पर्यंतच्या चाळीस वर्षांत लुइझियानांतील जुनें सायप्रसचें रान जवळजवळ सर्व तोडलें गेलें. न कुजणारें म्हणून त्या लांकडाला मोठी मागणी होती. ओंडके ओढण्यासाठीं कालवे खणले, पुढें तेलासाठीं आणखी कालवे खणले. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपीचे बंधारे अधिक बळकट झाले, आणि पुराबरोबर येणारा नवा गाळ दलदलीस मिळेनासा झाला. न्यू ऑर्लीन्सजवळ १९६० नंतरच्या दशकांत जहाजांसाठीं जो कालवा पुरा झाला, त्यांतून खारें पाणी आंत शिरून सायप्रसचीं विस्तीर्ण रानें वाळलीं. शेवटीं २००९ सालीं दगडी बांध घालून तो कालवा बंद करावा लागला. भरीस भर म्हणून दक्षिण अमेरिकेंतून १९३० नंतर आणलेला कोयपू नांवाचा घुशीसारखा मोठा प्राणी कोंवळीं रोपें खाऊन टाकतो.

आपल्याकडील गाळपेर ज्यांनीं केली आहे त्यांस पुढील गोष्ट लगेच उमजेल. सायप्रस पाण्यांत वाढतो खरा, परंतु त्याचें बी पाण्याखालीं उगवत नाहीं. पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला पाहिजे, आणि पुन्हां पूर येण्यापूर्वीं रोपाचा शेंडा पाण्यावर राहील इतकें तें वाढलें पाहिजे. पाणी बारमास तुंबून राहिलें तर जुनीं झाडें जगतात, पण खालीं नवें रोप येत नाहीं. २००५ सालीं लुइझियानाच्या गव्हर्नरानें नेमिलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें ह्या रानांची तीन प्रकारांत वांटणी केली: जेथें रोप आपोआप येऊं शकतें, जेथें माणसानें लावल्यासच येईल, व जेथें लावूनही येणार नाहीं. ज्यानें जमिनीच्या प्रतबंदीचे कागद हाताळले आहेत, त्याला ह्या तीन प्रतींचा अर्थ फोड करून सांगावयास नको. तिसऱ्या प्रतीच्या जमिनींत उभें असलेलें झाड हें तेथील शेवटचें झाड आहे.

अशा ठिकाणाहून बुंधा धरलेलें झाड काढणें म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाण्याचें पोतें फोडण्यासारखें आहे. तें झाड पुरांतून, कोयपूच्या दांतांतून व खाऱ्या पाण्यांतून वांचलेलें असतें. जीं वर्षें कठीण तीं त्यानें काढिलेलीं असतात. आणि ज्या दिवशीं तें बीं देण्याजोगें व्हावें, त्या सुमारास तें कुंडींत जातें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच लोक असें करितात असें नाहीं. पुष्कळ झाडें रस्त्याकडेच्या चरांतून, विजेच्या तारांखालून, किंवा भराव घालून घरें बांधावयाच्या जागेंतून काढिलीं जातात. तेथें तीं यंत्रानें कापलीं गेलीं असतीं किंवा मातीखालीं गेलीं असतीं. अशीं झाडें नेणारा मनुष्य त्यांचें रक्षणच करितो, आणि त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. शिवाय ज्यानें एक सायप्रस वीस वर्षें रोज पाणी घालून सांभाळला, तो दलदल वांचविण्याच्या कामीं इतरांपेक्षां लवकर पुढें येतो, हेंही खोटें नाहीं. एवढें मान्य करूनही आमचें मत असें कीं, जें झाड आपल्या जागीं राहिलें असतां जगणार आहे, तें काढूं नये.

बियांपासून वाढविण्यास वेळ लागतो, हा मुख्य आक्षेप. पण हा आक्षेप शेतकऱ्याच्या तोंडीं शोभत नाहीं. ह्याचें फळ सुपारीएवढें गोल असतें. बीं ओल्या वाळूंत सुमारें तीन महिने थंडींत ठेवून मग पेरावें लागतें. रोपें प्रथम जमिनींत किंवा मोठ्या कुंडींत मोकळेपणीं वाढूं द्यावीं, खत व पाणी भरपूर द्यावें, आणि खोड जाड झाल्यावर शेंडा छाटून नवा शेंडा धरावा. वसंतांत कोंब फुटण्याच्या आधीं मुळें छाटावीं. फांद्यांस तार गुंडाळली असल्यास वरचेवर पाहावें, कारण हें झाड इतकें लवकर फुगतें कीं तार सालींत रुततें. आठ-दहा वर्षांत पाहण्यासारखें झाड होतें. आंबा लावून फळाची वाट पाहणाऱ्यास ही मुदत मोठी वाटण्याचें कारण नाहीं. बाजारांत मात्र वाट न पाहण्याचीच किंमत मिळते, आणि रोगाचें मूळ तेथें आहे.

आपल्याकडील शेतकऱ्यानें सायप्रस लावावा असें सुचविण्याचा ह्या लेखाचा हेतु नाहीं. परंतु कुंडींतील झाडांची हौस आपल्याकडेही वाढत आहे, आणि जुन्या खोडांसाठीं विचारणा करणारे लोक उद्यां आपल्या बांधावर येतील. वाड्याच्या भिंतींत उगवलेला वड किंवा पिंपळ खुशाल द्यावा; भिंतही वांचेल आणि झाडही. ओढ्याच्या कांठचें, डोंगरउतारावरचें जुनें खोड मागितलें तर मात्र विचार करावा. १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें कांहीं जातींचीं झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, हें ध्यानांत ठेवावेंच. पण कायद्याच्या यादींत नसलेल्या झाडाचाही हिशेब आहे. महसूल दप्तरांत अनेक वर्षें काढल्यावर मला असें दिसलें कीं, नोंदींत झाडाची जात येते व संख्या येते; त्याचें वय येत नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरें उगवेल कीं नाहीं हेंही येत नाहीं. तो रकाना मालकानें स्वतःच्या मनांत भरावयाचा असतो. खोडाची किंमत ठरविण्यापूर्वीं झाडाखालीं वांकून पाहावें: त्याच जातीचीं चार रोपें उगवलेलीं दिसलीं तर पुढचें बोलणें करावें, न दिसलीं तर गिऱ्हाइकास बीं द्यावें व नमस्कार करून वाटेस लावावें.