साहेबांना ठाऊक नव्हते!



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही भुशीला जमलो होतो. रेल्वेने आपल्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले तिथले धरण आता मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनीच भरून वाहते. पण गावात अजून लालबाग-परळला जन्म काढलेला माणूस भेटतो. कुणी साचे चालवलेले, कुणी त्रासनखात्यात घाम गाळलेला. बोलता बोलता विषय निघाला मावळच्या गोळीबाराचा. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करायला ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन जीव गेले. राज्यकर्त्यांच्या बाजूने उत्तर एकच येत राहिले, की गोळी पोलिसांनी झाडली, मंत्र्यांचा काय संबंध? त्यावर आमच्यातला एक जुना जॉबर म्हणाला, "अरे, पण खरंच ठाऊक नसेल तर? मुंबईत बसलेल्याला बऊरात काय चाललंय ते कसं कळणार?"

प्रश्न रास्त आहे. उगाच शिव्या देऊन तो सुटत नाही. म्हणून आम्ही असे प्रकरण समोर घेतो, की ज्यात पुढारी दूर नव्हता. त्याच्याच कचेरीतून हुकूम सुटला होता.

ते प्रकरण बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे, २००६ सालचे. विदर्भात शेतकरी गळफास लावून घेत होता, विष पीत होता, ते हे दिवस. एका शेतकऱ्याने सावकाराविरुद्ध तक्रार केली. व्याजाचा दर महिन्याला शेकडा १०! गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण आठवतो ना? तो रुपयाला महिना एक आणा घेई, तरी आपण त्याला रक्तपिपासू म्हणत होतो. इथे तर दीड आण्याच्या वर हिशेब जातो. पण हा सावकार साधा नव्हता. खामगावचे काँग्रेसचे आमदार दिलीपकुमार सानंदा यांचे ते वडील. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. मुख्यमंत्र्यांच्या स्वीय सचिवाचा पोलिसांना फोन गेला आणि पोलिस ठाण्याच्या डायरीत त्याची नोंद झाली. जिल्हाधिकाऱ्यांना सूचना मिळाली, की या घराण्याविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचे मत घ्या, मग काय ते ठरवा. म्हणजे तुमच्या-आमच्याविरुद्ध तक्रार आली तर फौजदार रात्री दार ठोठावणार, आणि आमदाराच्या घरासाठी कायद्याला दोन देवड्या ओलांडाव्या लागणार!

शेतकरी नागपूर खंडपीठाकडे गेला. खंडपीठाने सरकारला २५ हजारांचा दंड केला. सरकारला तोही सोसवेना, ते दिल्लीला गेले. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सिंघवी आणि गांगुली यांनी मुख्यमंत्र्यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले आणि २५ हजारांचे १० लाख केले.

आता बाजू घेणारे म्हणतात, साहेबांना काय ठाऊक? दिवसाला शंभर कागद, दोनशे माणसे. आमदाराने कानात सांगितले, साहेबांनी मान डोलावली. समजा, आम्ही हेही मान्य करतो. विलासराव २०१२ साली गेले. गेलेल्या माणसाशी आमचे वैर नाही. पण मग आमचा सवाल असा, की ज्याला काही ठाऊक नाही, त्याने फोन उचलायला लावलाच कशाला? ठाऊक नव्हते तर गप्प बसायचे होते, कायदा आपल्या पायाने चालला असता. माहिती नसताना एकाच घराच्या बाजूने हुकूम सोडायचा आणि अंगाशी आले की माहिती नव्हती म्हणायचे, हे कसले निष्पापपण?

साचेखात्यात आपल्याला ही सवलत कुणी दिली होती का? सूत कच्चे असो, ताणा तुटका असो, कापडात खोट निघाली की ते कापड विणकराच्या गळ्यात मारून पैसे पगारातून कापले जात. "मला ठाऊक नव्हतं मास्तर" म्हणून कुणाचा दंड माफ झालेला आम्ही तरी ऐकला नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. माणसाला तुरुंगात घालायचे तर त्याचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे, मग तो मंत्री असो की बदली कामगार. पोलिसांच्या खोट्या खटल्यांचे चटके आपल्याइतके कुणाला बसलेत? तो नियम आपल्याला मोडायचा नाही. पण खुर्ची म्हणजे काही जन्मसिद्ध हक्क नव्हे. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरला आगगाडीचा अपघात झाला. लालबहादूर शास्त्री काही इंजिन हाकत नव्हते. रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी राजीनामा दिला.

आणि कधी कधी हे 'ठाऊक नसणे' मुद्दाम सांभाळून ठेवतात. १९५५-५६ मध्ये मुंबईत मोरारजींच्या राज्यात पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. न्यायालयीन चौकशीची मागणी झाली, ती धुडकावली गेली. केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख १९५६ साली राजीनामा देऊन बाहेर पडले, तेव्हा या चौकशीचा नकार हेही एक कारण त्यांनी लोकसभेत उघड सांगितले. चौकशीच नाही म्हटल्यावर कुणाच्या तोंडून हुकूम निघाला ते कागदावर येणार कसे? दार आतून लावून घ्यायचे, आणि बाहेर काय झाले ते दिसले नाही म्हणायचे!

जॉबर हे सगळे ऐकत होता. "मग त्या खामगाववाल्या साहेबाचं काय झालं?" त्याने विचारले.

निकाल लागला तेव्हा विलासराव दिल्लीत अवजड उद्योगांचे मंत्री होते. राजीनामा दिला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०११ मध्ये, खाते तेवढे बदलले. मिळाले ग्रामविकास खाते. आणि दंडाचे १० लाख भरायचा हुकूम होता तो राज्य सरकारला, म्हणजे तुमच्या-आमच्या तिजोरीला.