नारळाची वडी खाल्ली की पोट फुगतं? नारळाला दोष देण्याआधी मावा तपासा

वसई-विरारमध्ये नारळाशिवाय सण होत नाही. अर्नाळा, पाचूबंदरच्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेचा नारळी भात, गणपतीत उकडीचे मोदक, नाताळात खोबऱ्याच्या नेवऱ्या. पण आयबीएसच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘लो फोडमॅप’ आहार सांगितला की अनेक घरांत सर्वात आधी नारळाचे गोड पदार्थ बंद होतात. ही घाई अनाठायी आहे.

फोडमॅप म्हणजे नेमकं काय? लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी काही कर्बोदकं. मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात आणि गॅस, पोटफुगी, जुलाब सुरू होतात. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर हा आहार तयार केला.

साधी साखर या गटात येत नाही. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सम प्रमाणात असतं, ते लहान आतड्यातच शोषलं जातं. (मधुमेह असेल तर हिशेब अर्थातच वेगळा.) खोबरंही बेतानं चालतं, जास्त झालं की त्यातलं सॉर्बिटॉल त्रास देतं. म्हणजे घरची नारळ-साखरेची एखादी वडी बहुतेकांना पचते. अर्धा डबा नाही.

दुकानातल्या वडीची गोष्ट निराळी. तिच्यात मावा, दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क असतं, म्हणजे लॅक्टोज आलं. वर काजू. नेवरीचं आवरण मैद्याचं, त्यात फ्रुक्टन. पोट बिघडतं या सोबत्यांमुळे, नाव मात्र नारळाचं खराब होतं.

सगळ्यात फसवी ‘शुगर फ्री’ वडी. साखरेऐवजी तिच्यात अनेकदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं आणि हे दोन्ही फोडमॅपच. पाकिटावर ४२० किंवा ९६५ हे क्रमांक दिसले तर आयबीएसवाल्यांनी ते परत ठेवावं. शहाळ्याचंही तसंच: १०० मिली पाणी चालतं, पण स्टेशनबाहेर उभ्यानं अख्खं शहाळं संपवलं तर मर्यादा ओलांडली जाते.

शिवाय हा आहार जन्मभराचा नाही. कडक टप्पा साधारण २ ते ६ आठवड्यांचा. मग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ परत आणायचा असतो. गणपती नेमके त्याच आठवड्यांत आले, तरी उकडीचा एक मोदक बहुतेकांना चालावा. तांदळाच्या पिठीची अडचण नाही, सारणात गूळ तेवढा कमी घालावा.