मालेगावातच माग का?

कापड गिरणी कोठे काढावी, असा प्रश्न भूगोलाच्या पेपरात आला तर तुम्ही काय लिहाल? जवळ कापूस हवा, हवा दमट हवी, बंदर हवे, रेल्वे हवी. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणी स्थापन केली, तेव्हा मुंबईची दमट हवा आणि बंदर त्यांच्या कामी आले. दमट हवेत सूत कमी तुटते.

आता हेच उत्तर नाशिक जिल्ह्यातील मालेगावला लावून पाहा. येथील हवा कोरडी. मुंबईचे बंदर सुमारे 280 किलोमीटर दूर. गावात रेल्वे स्थानक नाही. गाडीसाठी मनमाडला जावे लागते. तरीही मोसम नदीकाठच्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. उलट मुंबईच्या बहुतेक गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. मग मालेगावजवळ असे काय आहे?

माझ्या मते, माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या उत्तर प्रदेशातील मोमीन विणकर आग्रा रोडने येथे आले. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, हातात कसब होते. पुढे 1935 च्या सुमारास विजेवर चालणारे माग आले, तेव्हा ते चालवणारे हात तयारच होते. (तुमच्या उर्दूतला ‘तानाबाना’ मराठीत ‘ताणाबाणा’ होतो, एवढाच काय तो फरक!)

समजा, दूरच्या एखाद्या गावात तुम्ही चार माग टाकलेत. जागा स्वस्त मिळेल. मागास भाग असेल तर सरकार सवलतही देईल. पण रात्रपाळीत माग बिघडला तर मिस्त्री कोठून आणाल? मालेगावात तो शेजारच्या गल्लीत सापडतो. सायझिंगवाला, सूत उधार देणारा व्यापारी, कापड विकून देणारा दलाल, सारे हाकेच्या अंतरावर. आठवड्याची सुट्टीसुद्धा सर्वांची एकाच दिवशी, शुक्रवारी. त्यामुळे चार मागांच्या मालकालाही मोठ्या कारखान्याची सोय मिळते. सरकारी सवलतीची मुदत संपते. ही सोय मुदतीची नाही.

यात धोका नाही असे मी म्हणत नाही. सारे गाव एकाच धंद्यावर चालते. सूत महागले किंवा कापडाला उठाव नसला, की माग बंद राहतात आणि मजुराच्या घरची चूल थंडावते. हे तुमच्यापैकी काहींनी घरीच पाहिले असेल.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. येथे विणलेले पुष्कळसे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतरा येथे जाते. म्हणजे नफ्याचा मोठा वाटा कापडाबरोबर ट्रकमध्ये बसून निघून जातो. रंगाईला भरपूर पाणी लागते आणि वापरलेले पाणी शुद्ध करावे लागते, म्हणून ती येथे आणणे सोपे नाही. पण शिलाईचे काय? तिला नदी लागत नाही. रंगवून आलेल्या कापडाचे सदरे, परकर, शाळेचे गणवेश येथेच शिवता येतील. शिवणयंत्र चालवणाऱ्या मुली आणि स्त्रिया तर मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत.