पैसा जनतेचा, गुपित कोणाचे?

सरकारी तिजोरीतील पैसा जनतेचा असतो; तो कोणाच्या पदरात पडला, हे विचारण्याचा अधिकारही जनतेचाच असतो. परंतु इतके साधे तत्त्व सत्ताधारी वर्गाच्या पचनी पडत नाही. शेतीसाठी अनुदान जाहीर करताना त्याच्या तोंडी लहान शेतकऱ्याचे नाव असते. लाभार्थ्यांची यादी मागितली की तो ‘खासगी माहिती’चा पडदा ओढतो.

युरोपचा अनुभव पाहावा. तेथील सामायिक शेती धोरणाचे समर्थन नेहमी कुटुंबाच्या कष्टावर चालणाऱ्या शेतीच्या नावाने केले गेले. २००५ साली इंग्लंडमध्ये माहिती स्वातंत्र्याचा कायदा अमलात आला आणि अनुदानाच्या याद्या बाहेर पडल्या. त्यांत कोण निघाले? टेट अँड लाइल ही साखर कंपनी, वेस्टमिन्स्टरचे ड्यूक आणि खुद्द राणी! युरोपीय आयोगाच्याच हिशेबाप्रमाणे थेट मदतीपैकी सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जात होती.

पुढे सर्व सदस्य देशांत याद्यांची प्रसिद्धी बंधनकारक झाली. तिला जर्मनीतून आव्हान मिळाले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करण्याचा नियम रद्द केला. मात्र प्रसिद्धीचे तत्त्व न्यायालयाने नाकारले नव्हते; लहान रक्कम आणि मोठी रक्कम असा भेद न करण्यावर त्याचा आक्षेप होता. म्हणून २०१३ च्या नियमांनी नावे पुन्हा खुली केली आणि अगदी किरकोळ मदत घेणाऱ्यांची तेवढी वगळली. दुर्बलाची अब्रू राखून बड्या धेंडांचा हिशेब मागता येतो, हे येथे सिद्ध झाले.

आपल्या देशात नेमके उलटे घडत आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदान योजनांच्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील सरकारने न मागता प्रसिद्ध केला पाहिजे. या कायद्याचा उपयोग काय? किसान सन्मान निधीचे सुमारे १,३६४ कोटी रुपये २० लाखांहून अधिक अपात्र लोकांना गेल्याचे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले, ते माहिती अधिकारातील उत्तरामुळेच. त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते! आणि दुसऱ्याची जमीन कसणारा कूळ वा बटाईदार मात्र सातबारावर नाव नाही म्हणून वर्षाच्या ६,००० रुपयांनाही मुकला.

याच कायद्याच्या मुळावर आता घाव बसला आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली व्यक्तिगत माहितीच नाकारता येई, आणि व्यापक जनहित असल्यास तीही द्यावी लागे. आता ‘व्यक्तिगत’ एवढा एक शब्द नकारासाठी पुरेसा आहे. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद शाबूत आहे, असे सरकार सांगते. पण नकार एका ओळीचा आणि अपिलाची फरफट वर्षानुवर्षांची. हा भार कोण पेलणार? मजूर की बागायतदार?

खताच्या एका गोणीसाठी शेतकऱ्याला यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. अनुदान मात्र कंपनीच्या खात्यात जमा होते. गरिबाला खासगीपणा नाही आणि धनिकाला हिशेब नाही, हीच आजची व्यवस्था आहे.

ती मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. चौथे कलम अजून जिवंत आहे. प्रत्येक शाखेने त्याच्या आधारे अनुदानाच्या याद्या मागाव्यात, त्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि यादीत कोण आहे याबरोबरच कोण नाही, हेही विचारावे. कलम ८(१)(ञ) पूर्ववत करण्याची मागणी किसान आणि शेतमजूर यांच्या लढ्याची मागणी झाली पाहिजे.