आधी जिंका, मग बोला?

खेळाडूने राजकारणावर तोंड उघडले की 'आधी खेळाकडे लक्ष दे' हे वाक्य कुठून तरी येतेच. संघ हरत असेल तर मग विचारूच नका. गुणतालिकेत तळाला असलेल्यांनी देशाच्या कारभारावर बोलायचे म्हणजे काय, असा सूर लागतो. हे वाक्य वाचले की मला अटलांटा ड्रीम हा संघ आठवतो. 2020 च्या हंगामात या संघाने 22 सामन्यांपैकी 15 गमावले. आणि त्याच हंगामात अमेरिकेच्या सिनेटची एक जागा कुणाकडे जाणार, या लढाईत या मुली उतरल्या. समोर खुद्द त्यांच्या संघाची मालकीण होती.

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. ड्रीमने तिथे 2010, 2011 आणि 2013 अशी तीनदा अंतिम फेरी गाठली होती. 2018 मध्येही 34 पैकी 23 सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी घसरगुंडी झाली, 34 पैकी जेमतेम 8 विजय. 2020 उजाडले तेव्हा संघाची सर्वांत मोठी खेळाडू एंजल मॅककॉट्री लास वेगासला निघून गेली होती. अनुभवी टिफनी हेझने हंगामातून माघार घेतली. रेने माँटगोमेरीनेही घेतली, सामाजिक न्यायाच्या कामाला वेळ द्यायचा म्हणून. करोनामुळे सगळी लीग फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन गावी एका क्रीडा संकुलात बंद. प्रेक्षक नाहीत, घरचे मैदान नाही. अशा स्थितीत संघ हरला नसता तरच नवल.

संघाच्या सहमालकीण होत्या केली लेफ्लर. बड्या उद्योगपती, पतीची कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजाराची मालक. डिसेंबर 2019 मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी त्यांना सिनेटच्या रिकाम्या झालेल्या जागेवर नेमले. रिपब्लिकन पक्षाच्या या नव्या सिनेटरना नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांसमोर जायचे होते.

त्या वर्षी मार्चमध्ये लुईव्हिलच्या पोलिसांनी ब्रिओना टेलर या 26 वर्षांच्या तरुणीला तिच्या घरात गोळ्या घातल्या. मेमध्ये मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. डब्ल्यूएनबीएच्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, त्यांच्यासाठी या बातम्या दूरच्या नव्हत्या. हंगाम ब्रिओना टेलरच्या नावे करायचा, जर्सीवर तिचे नाव लावायचे आणि कोर्टवर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' लिहायचे, असे ठरले. जुलैत लेफ्लरनी लीगच्या आयुक्त कॅथी एंगलबर्ट यांना पत्र लिहून याला विरोध केला. खेळात राजकारण नको, जर्सीवर अमेरिकेचा ध्वज लावा, अशी त्यांची मागणी होती. खेळात राजकारण नको, हे सांगणारी व्यक्ती स्वतः सिनेटर होती आणि चार महिन्यांनी तिची निवडणूक होती. मला या पत्रातली सर्वांत न पटणारी गोष्ट ती.

खेळाडूंची पहिली प्रतिक्रिया रागाची होती. लेफ्लरना लीगबाहेर काढा, असे लीगच्या खेळाडूंच्या युनियनने जाहीरपणे सांगितले. ते घडले नाही. मालकी त्यांच्याकडेच राहिली, आणि वाद जितका पेटेल तितकी लेफ्लरना प्रसिद्धी मिळत गेली. हे खेळाडूंच्या लवकर ध्यानात आले. सिॲटल स्टॉर्मची दिग्गज खेळाडू सू बर्डने मग वेगळी वाट सुचवली. मालकिणीचे नाव घेणेच सोडून द्यायचे आणि तिच्याविरुद्ध जो उभा आहे त्याचे नाव लोकांसमोर न्यायचे.

तो उमेदवार म्हणजे रॅफेल वॉर्नॉक. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जिथे प्रवचने दिली त्या अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे हे पाळक. निवडणुकीत वीसेक उमेदवार होते आणि वॉर्नॉक त्या गर्दीत अजून पुढे आलेले नव्हते. खेळाडूंनी डोळे मिटून त्यांना पाठिंबा दिला नाही. जॉर्जियाच्या राजकारणातल्या स्टेसी एब्रॅम्स युनियनच्या सल्लागार मंडळावर होत्या, त्यांच्याशी बोलणे झाले. खुद्द वॉर्नॉक यांच्याशी झूमवर बैठक झाली. खेळाडूंनी त्यांना प्रश्न विचारले, त्यांची मते पारखली, आणि मगच होकार दिला. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. नामवंतांचा पाठिंबा आपण खूप पाहतो, पण पाठिंबा देण्याआधी उमेदवाराची परीक्षा घेणारे किती असतात?

4 ऑगस्ट 2020 च्या रात्री ड्रीमचा सामना फीनिक्स मर्क्युरीशी होता. दोन्ही संघ काळे टी-शर्ट घालून आले. छातीवर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द: 'व्होट वॉर्नॉक'. घोषणा नाही, भाषण नाही, मालकिणीचा उल्लेखही नाही. रिकाम्या सभागृहात त्या सराव करत होत्या आणि टीव्हीचा कॅमेरा ते दोन शब्द घरोघरी पोहोचवत होता. इतर संघांनीही तेच टी-शर्ट चढवले. पुढच्या दोन दिवसांत वॉर्नॉक यांच्या प्रचारनिधीत पावणेदोन लाखांहून जास्त डॉलर ऑनलाइन जमा झाले.

हरणाऱ्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या आणि पगारासाठी त्याच मालकिणीवर अवलंबून असलेल्या मुलींना हे धाडस झाले कसे? डब्ल्यूएनबीएत तेव्हा श्रीमंती नव्हती. 2020 मध्ये नवा करार झाल्यावरही सर्वोच्च पगार 2 लाख 15 हजार डॉलर होता. पुरुषांच्या एनबीएत आघाडीचे खेळाडू वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळवतात. लीगमध्ये तेव्हा बारा संघ होते आणि प्रत्येक संघात फार तर बारा जागा. जागा गेली की दुसरी मिळवणे मुश्कील. अनेक जणी थंडीत तुर्कस्तान, रशिया, चीनमध्ये खेळून संसार चालवत. कॉलिन कॅपरनिकचे काय झाले, हेही सगळ्यांनी पाहिले होते. अमेरिकन फुटबॉलमधला हा क्वार्टरबॅक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि 2016 च्या हंगामानंतर त्याला एकाही संघाने घेतले नाही.

या मुलींना बळ मिळाले ते युनियनचे. त्यांची युनियन 1998 सालची. ड्रीमची सेंटर एलिझाबेथ विल्यम्स या युनियनची पदाधिकारी होती. वाद ड्रीमच्या मालकिणीशी होता, पण टी-शर्ट सिॲटलच्या मुलींनी घातला, फीनिक्सच्याही मुलींनी घातला. एकीला काढता येते, सगळ्या लीगला काढता येत नाही. मोठा खेळाडू प्रसिद्धीच्या जोरावर एकटा बोलू शकतो. तळाच्या संघातल्या बदली खेळाडूला तसे बोलायचे तर शेजारी उभी राहणारी माणसे लागतात.

26 ऑगस्टला हे पुन्हा दिसले. केनोशा शहरात पोलिसांनी जेकब ब्लेकवर सात गोळ्या झाडल्यानंतर एनबीएचा मिलवॉकी बक्स संघ बाद फेरीच्या सामन्याला उतरला नाही. त्या रात्री ड्रीमचा सामना वॉशिंग्टन मिस्टिक्सशी होता. मिस्टिक्सच्या खेळाडू पांढरे टी-शर्ट घालून आल्या, पाठीवर गोळ्यांची सात भोके रंगवलेली. सामना झाला नाही. अनेक संघांच्या खेळाडू भोवती उभ्या असताना सर्वांच्या वतीने निवेदन वाचले ते एलिझाबेथ विल्यम्सने, त्याच हरणाऱ्या संघाच्या सेंटरने.

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत वॉर्नॉक सुमारे 33 टक्के मते घेऊन सर्वांत पुढे आले, लेफ्लरना 26 टक्क्यांच्या आसपास मिळाली. 5 जानेवारी 2021 च्या दुसऱ्या फेरीत वॉर्नॉक सुमारे 93 हजार मतांनी जिंकले आणि जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. त्याच दिवशी जॉर्जियाची दुसरी जागाही डेमोक्रॅट्सना मिळाली आणि सिनेटमध्ये 50-50 अशी बरोबरी झाली. हे सगळे टी-शर्टमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. एब्रॅम्स आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मतदार नोंदणी केली होती. पहिल्या फेरीत रिपब्लिकनांची मतेही लेफ्लर आणि त्यांच्याच पक्षाचे डग कॉलिन्स यांच्यात विभागली होती. पण वॉर्नॉक हे नाव अगदी गरजेच्या वेळी देशासमोर आले, ते या मुलींमुळे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. जॉर्जियात दुसऱ्या फेरीत लेफ्लरना मत देणारे लोक निम्म्याच्या जवळपास होते. त्यांतले काही जण ड्रीमचे चाहतेही असतील. आपल्या संघाने आपल्याच उमेदवाराविरुद्ध प्रचार केला, याचे त्यांना वाईट वाटले असेल, आणि ते वाटणे रास्त आहे. तरीही मी खेळाडूंच्या बाजूने आहे. लेफ्लरना सिनेटर म्हणून बोलायचा हक्क होता, तो कुणी हिरावला नाही. मालकाला राजकारण करता येते तर खेळाडूलाही करता आले पाहिजे. तिकीट काढणाऱ्याने खेळ विकत घेतलेला असतो, खेळाडूचे मत नव्हे.

फेब्रुवारी 2021 मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांमध्ये एक नाव होते रेने माँटगोमेरी. आदल्या वर्षी हंगाम सोडून आंदोलनात गेलेली खेळाडू त्याच संघाची भागीदार झाली. म्हणून संघ लगेच जिंकू लागला असे नाही. हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक निकी कॉलेन सोडून गेल्या आणि त्या वर्षी 32 पैकी 24 सामने ड्रीमने गमावले. बास्केटबॉल सुधारायला बास्केटबॉलच लागते, चांगली निवड, चांगले प्रशिक्षण आणि वेळ. 2022 मध्ये पहिल्या क्रमांकावर राइन हॉवर्डला निवडले, तिथून संघ हळूहळू सावरला आणि 2025 मध्ये 44 पैकी 30 सामने जिंकला. त्या टी-शर्टमुळे संघ हरला नव्हता आणि टी-शर्ट काढून ठेवल्यामुळे जिंकलाही नाही.

आपल्याकडे खेळात राजकारण नाही असे कोण म्हणेल? 2011 मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी 116 कसोटी खेळलेले दिलीप वेंगसरकर उभे होते. क्लबांच्या मतांवरची ती निवडणूक तेव्हाचे केंद्रीय मंत्री विलासराव देशमुख यांनी जिंकली. आपल्या संघटनांत राजकारणी पिढ्यान् पिढ्या बसत आले, त्यावर खेळात राजकारण नको असे फारसे कुणी म्हटले नाही. ते वाक्य राखून ठेवले जाते खेळाडूसाठी.

आणि खेळाडू बोलला नाही की आपण त्याला भित्रा म्हणतो. पुढच्या वेळी तसे म्हणण्याआधी एवढे पाहा, की त्याच्या पाठीशी कोण आहे. क्रिकेटच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर 2019 मध्ये भारतात क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानावर असलेल्या क्रिकेटपटूंची युनियन जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या देशात नाही. खेळाडूंनी बोलावे असे वाटत असेल, तर आधी त्या युनियनची मागणी करा.