शनिवारी थांबणारा घाणा

१/ जालना जिल्ह्यातील आमच्या वाटूरकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. हा मान वर्षातून एकदाच. परंतु याच महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यावर, एका समाजाच्या घाण्याचा बैल दर आठवड्याला मोकळा असे. ही गोष्ट ‘शनिवार तेली’ म्हणजेच बेने इस्राएल यांची.

२/ त्यांची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ मात्र समुद्रात गेले. वंशज कोकणातील गावोगावी पसरले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले आणि गावांवरून पेणकर, दिवेकर, केहिमकर झाले.

३/ तोरेतील विश्रांतीची आज्ञा घरधन्यापुरती नाही. ती चाकराला, परक्याला आणि बैलालाही लागू आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असेही तोरा सांगते. खळे पाहिलेल्याला याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. पुढे धर्मपंडितांनी शब्बाथला वर्ज्य अशा ३९ कामांची यादी केली आणि फळ दाबून रस वा तेल काढणे मळणीच्याच सदरात घातले. घाणा थांबविणे हे त्या कायद्याचे थेट पालन होते.

४/ शेजाऱ्यांनी हे नेमके टिपले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू ‘सोमवार तेली’, शनिवारी बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. हजारो कोसांवरून आलेला नियम मराठी गावाने वाराच्या नावाने ओळखला आणि फारसा वाद न करता स्वीकारला.

५/ सणांचेही तसेच. योम किप्पूर झाला ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरातच उपवास करावयाचा. दुसरा दिवस ‘शिळा सण’. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, तर एक ‘खिरीचा सण’. हिब्रू नावे विसरली गेली, तरी दिवस चुकले नाहीत.

६/ आता प्रसिद्ध कथा. दावीद रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. तो कोणत्या शतकात आला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले असलेली तेवढीच निवडली, बाकीची बाजूला सारली. तोरेचा आहारनियम हाच आहे.

७/ ही कथा बहुधा ‘सारे विसरलेल्या समाजाला रहाबीने धर्म शिकविला’ अशी सांगितली जाते. माझे मत उलट आहे. परीक्षा झाली ती चुलीशी बसणाऱ्या बायकांची, आणि त्या उत्तीर्ण झाल्या. पोथी नव्हती, पण शनिवार होता, आठव्या दिवशीची सुंता होती, ‘शेमा’ची प्रार्थना होती. कायदा स्वयंपाकघरात आणि घाण्यावर जिवंत होता.

८/ यावर रास्त आक्षेप असा : पोथीविना रूढी वाहवत जाते. हे खरेच आहे. हनुक्का त्यांना ठाऊक नव्हता, आणि शेजाऱ्यांच्या प्रभावाने विधवाविवाहही टाळला जाई. पुढे सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले, १८४६ मध्ये मराठी अनुवादासह हग्गादा छापली गेली आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने समाजाची शाळा निघाली. पोथीने आचाराला दिशा दिली. पण आचारच उरला नसता, तर पोथी कोणाच्या हाती दिली असती?

९/ हा वाद केवळ पुस्तकी नाही. बेने इस्राएल इस्राएलला गेले, तेव्हा १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने विवाहनोंदणीपूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्यांना आता कागदाने ज्यूपण सिद्ध करावयाचे होते! त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठणकावले आणि धर्मपीठाला आपले निर्देश बदलावे लागले.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यातून एक सवय घ्यावी. कोणत्याही समाजाचा धर्म शोधताना त्याच्यापाशी कोणता ग्रंथ आहे हे विचाराच, पण तो कोणत्या दिवशी हातातले काम खाली ठेवतो, ताटात काय वाढत नाही आणि जनावराला केव्हा सोडतो, हेही विचारा. रोज गाळलेल्या तेलावर पोट असणाऱ्याने सातवा दिवस सोडणे, यात त्याची श्रद्धाही दिसते आणि तिची किंमतही.

११/ तुमच्या गावात वारावरून, सणावरून वा वर्ज्य पदार्थावरून ओळखला जाणारा समाज आहे का? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. असा पुरावा बहुधा दप्तरात सापडत नाही, तो बोलीतच राहतो.