मॅव्हरिक : बिनखुणेचें वासरूं

इंग्रजी वर्तमानपत्रांतून, आणि आतां मराठींतूनहि, एक शब्द वारंवार भेटूं लागला आहे : मॅव्हरिक. पक्षाचा आदेश न जुमानणारा पुढारी मॅव्हरिक, रुळलेली वाट सोडणारा चित्रपट-दिग्दर्शक मॅव्हरिक, आणि नोकरी सोडून घरीं बसलेला शेजारचा मुलगाहि मॅव्हरिकच! १९८६ सालच्या 'टॉप गन' या अमेरिकन चित्रपटांतील वैमानिकाचें हें टोपणनांव. २०२२ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागाच्या शीर्षकांतच तें आलें, आणि २०२४ सालीं आपल्याकडील हीरो कंपनीनें, एक अक्षर गाळून, तें एका मोटारसायकलीस दिलें. पाहुणा घरांत शिरला आहे; तेव्हां त्याचें कुळगोत्र विचारणें हें या सदराचें कर्तव्यच ठरतें.

मुळांत हें एका गृहस्थाचें आडनांव. सॅम्युएल मॅव्हरिक (१८०३-१८७०) हे अमेरिकेंतील टेक्सासचे वकील. १८३६ च्या टेक्सासच्या स्वातंत्र्यघोषणेवर त्यांची सही आहे, आणि पुढें ते सॅन अँटोनियो शहराचे नगराध्यक्षहि झाले. त्यांचा खरा ओढा जमिनीच्या खरेदीकडे. गुरांचा त्यांना शोक नव्हता. १८४७ च्या सुमारास एका येण्याच्या फेडींत सुमारें ४०० गुरें त्यांच्या गळ्यांत पडलीं. तीं त्यांनीं समुद्रकांठच्या एका द्वीपकल्पावर आपल्या गुलामांच्या देखरेखीखालीं ठेवून दिलीं. त्या मुलखांत कुरणांना कुंपणें नव्हतीं. कोणाचें जनावर कोणतें हें कळावें म्हणून वासराच्या अंगावर तापलेल्या लोखंडानें मालकाची खूण डागीत असत. मॅव्हरिकांच्या वासरांना हा डाग वेळेवर पडेना. मग माळावर बिनखुणेचें जनावर दिसलें कीं, तें मॅव्हरिकांचें असावें असें लोक म्हणूं लागले; आणि हळूहळू अशा प्रत्येक जनावराचें तेंच नांव झालें.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या शब्दाच्या मुळाशीं बंडखोरी नाहीं, हयगय आहे. आणि ज्या गृहस्थाचें नांव आज स्वातंत्र्याचें बिरुद म्हणून मिरवलें जातें, त्याची गुरें राखणारीं माणसें मात्र स्वतंत्र नव्हतीं.

त्या वासराचें पुढें काय झालें, हें तर अधिकच बोधप्रद आहे. १८६१ ते १८६५ या काळांतील यादवी युद्धांत टेक्सासचे पुरुष रणांगणावर गेले आणि बिनखुणेचीं गुरें बेसुमार वाढलीं. जो आधीं डागील त्याचें जनावर, असा प्रघात पडला. कित्येकांचे कळप त्यावरच उभे राहिले. १८८४ सालीं वायोमिंग प्रांतांत कायदा होऊन अशीं जनावरें मोठ्या पशुपालकांच्या संघाच्या हातीं गेलीं. लहान शेतकरी त्यानें नाडले गेले. तेथील जॉन्सन परगण्यांत १८९२ सालीं बंदुका चालल्या, त्या वैराच्या कारणांत हाहि कायदा होता. तात्पर्य, मॅव्हरिकचें स्वातंत्र्य पहिल्या डागापर्यंतचें. ज्याच्यावर कोणाचीच खूण नाहीं, त्याच्यावर आपली उमटवावी असें प्रत्येकास वाटतें.

या अर्थाच्या जवळपासचे शब्द आपल्या भाषेंत थोडे नाहींत, आणि तेहि जनावरांवरूनच आले आहेत. अंकुश नसलेला हत्ती तो निरंकुश, सांखळी तुटलेला तो उच्छृंखल, लगाम सुटलेला घोडा तो बेलगाम. परंतु या साऱ्यांत आधीं बंधन होतें असें गृहीत आहे. मॅव्हरिकवर तें पडलेलेंच नसतें. म्हणून 'बंडखोर' हें भाषांतर आम्हांस पटत नाहीं. संस्कृतांत अंक म्हणजे खूण. खूण केलेलें तें अंकित. मराठींत मात्र 'अमुक तमक्याच्या अंकित आहे' म्हणजे तो त्याचा ताबेदार आहे. खूण आणि मालकी यांचें नातें आपल्या भाषेनेंहि असें जपून ठेवलें आहे. मॅव्हरिकला 'अनंकित' हा प्रतिशब्द आम्हांस नेमका वाटतो.

गुरें अंकित करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. पाणिनीनें जनावरांच्या कानांवरील खुणांचे शब्द कसे बनतात याचा नियमच सांगितला आहे : विळ्याची खूण तो दात्राकर्ण, स्वस्तिकाची तो स्वस्तिककर्ण. वनपर्वांत दुर्योधन द्वैतवनाकडे निघाला, तो गुरांची मोजदाद आणि वासरांचें अंकन हें निमित्त सांगून. कौटिल्याचा गोध्यक्ष वासरूं महिना-दोन महिन्यांचें होतांच डागतो. आणि बाहेरचें जनावर कळपांत तितकेच दिवस राहिलें तर त्यासहि डागतो. टेक्सासचाच प्रघात हा, पण वाट पाहण्याची मुदत घातलेला! आज आमच्या विरारकडील तबेल्यांतल्या म्हशींच्या कानांत बारा अंकी पिवळा बिल्ला दिसतो, तो याच परंपरेचा वंशज.

एक गोष्ट मात्र टेक्सासांत आढळावयाची नाहीं. आपल्याकडे वृषोत्सर्गांत वळूच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्र यांच्या खुणा डागून त्यास देवाच्या नांवानें सोडीत. त्याला मराठींत पोळ म्हणतात. तेथें खूण नसलेला तो मोकळा. येथें खूण असलेला मोकळा! ही खूण मालकीची नव्हे, मालकी सोडल्याची.

हा भेद आम्हांस आमच्या घरांतच उपयोगी पडला. फुलपाड्याच्या आमच्या घरीं तीन भावांचीं बिऱ्हाडें एकत्र आहेत. थोरल्या बंधूंच्या धाकट्या मुलानें दोन वर्षांपूर्वीं अभियांत्रिकीचें शिक्षण तिसऱ्या वर्षीं सोडून तबल्याची तालीम धरली. तेव्हांपासून येणारे-जाणारे 'तुमचा मॅव्हरिक काय म्हणतो?' असें हंसून विचारतात. एकदां वहिनींनीं आम्हांस विचारलें, "भावोजी, ही शाबासकी म्हणायची कीं टोमणा?" उत्तर सोपें नव्हतें. मुलाचा खर्च आज त्याचा वडील भाऊ चालवतो, आणि घरांत त्यावरून शब्दाला शब्द लागला नाहीं असें नाहीं. पण हाच मुलगा पहांटेची गाडी पकडून दादरला गुरूंकडे जातो, आणि गेल्या गुरुपौर्णिमेस त्यानें गंडा बांधून घेतला. तो आम्हांस म्हणाला, "काका, मला खूण नको असें नाहीं; कोणाची घ्यावी तें मला ठरवायचें होतें." आम्हीं वहिनींस सांगितलें, लोक म्हणतात तो शब्द याला लागूं पडत नाहीं, हा अनंकित नव्हे.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, हा शब्द वापरतांना थोडें थांबावें. कोणत्याहि गटाचा शिक्का ज्यानें घेतला नाहीं, त्यास तो खुशाल लावावा. शिस्त मोडणारास बेलगाम म्हणावें, त्यास मराठी समर्थ आहे. ज्यानें आपली शिस्त आपण निवडली, त्यास शिष्य किंवा साधक म्हणावें. आणि ज्याच्याकडे कोणाचें लक्षच नव्हतें म्हणून जो बिनखुणेचा राहिला, त्या मुलास मॅव्हरिक म्हणून कौतुक करण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं त्याची विचारपूस करावी. कारण डागणी घेऊन फिरणारे माळावर पुष्कळ असतात.